मिसळीचा कौल आणि खुलाशाची दोन पानं

आधीच सांगून टाकतो, मी पाववाला आहे. सातपूरला आमची भट्टी आहे, वडिलांनी घातलेली, आणि नाशिकमधल्या चौदा मिसळवाल्यांकडे रोज पहाटे माझा टेम्पो जातो. त्यामुळे शहरातल्या एका मासिकाने वाचकांच्या मतांवर मिसळीचे पुरस्कार दिले, त्यावरून तक्रारी झाल्या, मग मासिकाने खुलासा केला, या सगळ्यावर मी तोंड उघडलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, ‘तुमचं गिऱ्हाईक हरलं वाटतं?’ हरलं. आणि जे जिंकलं तेही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझंच गिऱ्हाईक होतं. पावामागे वीस पैसे वाचतात म्हणून दुसऱ्या बेकरीकडे गेलं. आता माझं बोलणं किती धरायचं ते तुम्ही बघा.

मासिकाचं नाव घेत नाही. अकरा वर्षांचा वर्गणीदार आहे, यंदाही वर्गणी भरली आहे, आणि ती का भरली हेच खरं तर सांगायचंय.

विशेषांक 80 रुपयांचा. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर रश्श्याचा फोटो, तर्री इतकी लाल की बायको म्हणाली, ‘यात रंग ओतलाय.’ आत मात्र काही मजकूर खरोखर चांगला आहे. काळ्या मसाल्यावरचा लेख मी दोनदा वाचला. कांदा आणि खोबरं किती काळं भाजायचं, कुठे थांबलं नाही तर कडू होतं, हे लिहिणाऱ्याने स्वतः हात भाजून घेतल्यासारखं लिहिलंय. पुण्यात वरून मागायच्या रश्श्याला सँपल म्हणतात, कोल्हापुरात कट, तिथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि आपल्याकडे ताटात पापड, दही, वर गुळाची जिलेबी, हा फरक त्यांनी कोण श्रेष्ठ याच्या भांडणात न पडता मांडलाय. पाववाला म्हणून मला एवढंच खटकलं की एकोणीस फोटोंत पाव आहे आणि संपूर्ण अंकात पावाबद्दल एक ओळ नाही. मटकीला लेख, फरसाणाला चौकट, जिलेबीला अख्खं पान. पाव काय, तो असतोच.

पत्ते-वेळांची यादी मात्र भरवशाची नाही. माझ्या चौदापैकी तिघांच्या सुट्टीचा वार चुकलाय. पंचवटीतला एक जण सोमवारी बंद असतो, अंकात ‘रोज चालू’ आहे. बाहेरगावचा माणूस यादी धरून गेला तर शटर बघून परत येईल. नकाशा आहे, पण तो वाचायला भिंग लागतं.

आता पुरस्कार. आदल्या महिन्याच्या अंकात कूपन होतं आणि क्यूआर कोड. पंचवीस नावांची यादी, त्यातल्या एकावर खूण करायची, मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी आला की टाकायचा. एका नंबरला एक मत. कागदावर ठीकच वाटतं.

त्या महिन्यातल्या एका रविवारी आमचे दाजी जळगावहून आले होते. त्यांना गंगापूर रोडकडच्या त्या शेतातल्या मिसळीला जायचंच होतं, जी पुढे पहिली आली. मी म्हटलं चला, जुनं गिऱ्हाईक आहे, बघू तरी कोणाचा पाव घेतात. बाहेर पाऊण तास थांबलो, झोपाळ्यावर नंबर लावून. बसल्या बसल्या टेबलावर ॲक्रिलिकचा स्टँड, त्यावर क्यूआर आणि खाली मोठ्या अक्षरात ‘मत द्या, ताक मोफत’. वेटर पोरगा पाणी ठेवता ठेवता म्हणाला, ‘साहेब, नंबर सांगा, मीच भरतो.’ दाजींनी नंबर सांगितला. पोराने आपल्याच मोबाइलवर भरला. दाजींच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, पोराने टाकला आणि खिशातल्या छोट्या वहीत एक रेघ मारली. मग ताक आलं. मिसळ त्यानंतर बारा मिनिटांनी आली. म्हणजे दाजींनी नाशिकची सर्वोत्तम मिसळ निवडली तेव्हा त्यांच्या पोटात नुसतं पाणी होतं.

मिसळ बरी होती. खोटं कशाला बोलू? रस्सा चांगला होता, मटकी नीट शिजलेली. पाव गोडसर आणि मऊ, रश्श्यात बुडवला की विरघळतो. असो.

दाजींना मी हसलो, पण मला हसायचा हक्क नाही. 2007 साली जगातली नवी सात आश्चर्यं निवडायची टूम निघाली होती तेव्हा ताजमहालासाठी मी माझ्या नोकियावरून स्वतः चार एसएमएस पाठवलेत. आग्र्याला मी तोवर गेलो नव्हतो, अजूनही गेलेलो नाही. त्या वर्षी 7 जुलैला लिस्बनमध्ये निकाल लागला, ताजमहाल सातांत आला आणि आम्ही भट्टीवर पेढे वाटले. युनेस्कोने आधीच सांगितलं होतं की या मतदानाशी आमचा संबंध नाही. ते तेव्हा कोण ऐकतो! त्यातली एक गोष्ट मला आता आठवते. इजिप्तवाले चिडले होते, की आमच्या पिरॅमिडला कसली मतं मागताय, ते जुन्या सातांतलं उरलेलं एकमेव आहे. शेवटी आयोजकांनी गिझाच्या पिरॅमिडला मानाचं वेगळं स्थान देऊन मतदानाच्या यादीतून काढलं. तक्रार करणारा मोठा असला की असं पटकन होतं.

आता ज्यांची तक्रार कोणी केली नाही त्यांचं सांगतो.

एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटासमोर मावशींची गाडी आहे. गाडीला नाव नाही, बोर्ड नाही, ओळखायची खूण म्हणजे निळी ताडपत्री. माझ्या टेम्पोचा पहिला थांबा तोच, पाच वाजून दहा मिनिटांनी. मावशी तोवर स्टोव्हवर पातेलं चढवून बसलेल्या असतात, मुलगा कांदा चिरत असतो. रात्रपाळी सात वाजता सुटते, पण कंत्राटी गाडीवाले आणि वॉचमन साडेपाचपासूनच येतात. प्लेट 40 रुपये, रस्सा मागाल तितका. आमच्या भट्टीची लादी बारा पावांची. मावशी रोज पंचेचाळीस लाद्या घेतात, आणि साडेदहाला गाडी धुऊन झाकलेली असते. शेतातली मिसळ माझ्याकडे होती तेव्हा इतर दिवशी तीस लाद्या घ्यायची, रविवारी मात्र शंभराच्या वर. आठवड्याची बेरीज केली तर मावशींचं पारडं जड भरतं.

मतदान चालू होतं तेव्हा एकदा लाद्या उतरवताना मी त्यांना म्हटलं, ‘मावशी, मिसळीला मतं चाललीत, तुमचं नाव नाही त्यात.’ त्यांनी पळीतला रस्सा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘नाव आहे कुठं गाडीला? आणि ही पोरं रात्रभर मशिनीवर उभी. त्यांना हात धुवायला टाइम नाय, मत कोण देतंय?’ मग मुलाला ओरडल्या, की मोजून घे, काल एक लादी कमी होती. कमी नव्हती, पण ते जाऊ द्या.

निकालाचा अंक आला. पहिला नंबर शेतातल्या मिसळीचा. मलपृष्ठावर त्याच मिसळीची पानभर जाहिरात, ‘नाशिककरांनो, आम्हाला पहिल्या क्रमांकावर निवडल्याबद्दल आभार’. आता बघा, निकाल जाहीर झाला तो याच अंकात. मग आभाराची जाहिरात याच अंकात कशी छापून आली? अंक प्रेसला जायच्या आधीच कोणालातरी माहीत होतं. हे माझ्या आधी माझ्या मुलीने पकडलं.

मग लोकांनी पत्रं लिहिली, मीही लिहिलं. ताकाबद्दल, वहीतल्या रेघांबद्दल आणि जाहिरातीबद्दल, एक फुलस्केप पान. पुढच्या अंकात संपादकांनी अर्धं पान खुलासा छापला. तो वाचून मी वर्गणी बंद करणार होतो. पहिलंच वाक्य, ‘पुरस्कारांच्या प्रक्रियेबाबत काही वाचकांचा गैरसमज झाल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे.’ गैरसमज? माझ्या डोळ्यांसमोर पोराने रेघ मारली. पुढे प्रक्रिया पारदर्शक होती, तांत्रिक यंत्रणा अद्ययावत होती, जाहिरात विभाग स्वतंत्र आहे, वाचकांचा विश्वास हीच आमची पुंजी. एकूण मतं किती आली याचा आकडा नाही. ताकाचा उल्लेख नाही. आमच्या भट्टीवर गिऱ्हाइकाने येऊन सांगितलं की पाव करपलाय, तर मी त्याला आमची भट्टी किती अद्ययावत आहे हे सांगत नाही. पाव हातात घेऊन बघतो.

त्या रात्री जेवताना मी तणतणत होतो. मुलगी स्टॅटिस्टिक्स शिकते. ती म्हणाली, ‘बाबा, ताक नसतं तरी निकाल असाच लागला असता.’ आणि तिने गोष्ट सांगितली. 1936 साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांच्या वर भरून परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन आरामात जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते फोनच्या डिरेक्टऱ्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन-मोटार असणारे लोक कोण, हे उघड आहे. त्यातही ज्यांना रूझवेल्टवर राग होता तेच पत्र परत पाठवत बसले. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. ‘मतं कमी नव्हती,’ ती म्हणाली, ‘ढीगभर होती. ढीग चुकीच्या ठिकाणचा होता.’

मी म्हटलं, ‘म्हणूनच माझ्या लाद्या मोजा.’

ती म्हणाली, ‘तोही सर्व्हेच आहे बाबा. 40 रुपयांची प्लेट 120च्या प्लेटपेक्षा जास्त खपणारच. लाद्यांवरून चव कळत नाही, खिसा कळतो.’

शिकवायला पैसे आपणच भरतो आणि मग हे ऐकून घ्यायचं.

यानंतर जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. मासिकातून फोन आला. उपसंपादक, पंचविशीची मुलगी. म्हणाली, ‘काका, तुमचं पत्र वाचलं, भट्टीवर येऊ का?’ मी म्हटलं, या, पण आमचं ऑफिस पहाटे तीनला उघडतं. मला वाटलं टळेल. साडेतीनला ॲक्टिव्हा दारात. थंडीचे दिवस, कानाला स्कार्फ बांधलेला. भट्टीशेजारी उभी राहून तिने दोन गरम पाव नुसतेच खाल्ले आणि वही काढली. मी ताकाचं सांगितलं, रेघांचं सांगितलं, मग मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ‘कोण किती खपवतं ते माझ्याकडे लिहिलेलं आहे.’

‘मग तुमची वही बघू का?’

मी नाही म्हटलं. कसं दाखवणार? कोण किती माल उचलतो हे एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, धंद्याचा नियम आहे. ती हसली. ‘म्हणजे आकडे फक्त आम्हीच छापायचे.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला टेम्पोत बसवलं आणि मावशींकडे नेलं. तिने उभ्याने मिसळ खाल्ली, दोनदा रस्सा घेतला, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबली नाही, आणि 40 रुपये मोजून दिले. मावशींनी तिला फोटो काढू दिला नाही. ‘छापून आलं की मुन्सिपाल्टीवालेच आधी वाचतात,’ म्हणाल्या.

पुढच्या अंकात दोन पानं. या दोन पानांसाठी मी हे सगळं लिहितोय. सुरुवातच अशी, की मागच्या अंकात आम्ही ‘गैरसमज’ हा शब्द वापरला, तो चूक होता. मग एकूण मतं किती आली, त्यातली एकाच फोनवरून ओळीने भरलेली किती, एकाच वायफायवरून तासाभरात आलेली किती, आणि काढून टाकल्यावर उरली किती, असा सरळ तक्ता. हे मी आधी टेस्टॲटलास या खाद्यपदार्थांच्या वेबसाइटच्या याद्यांखाली पाहिलं होतं. 2022च्या शेवटी त्यांनी जगातल्या खाद्यसंस्कृतींची यादी काढली, भारत पाचवा आला, आणि त्यावरूनही आपल्याकडे आरडाओरडा झाला. त्यांची यादी तुम्हाला पटो न पटो, पण प्रत्येक यादीखाली किती मतं आली आणि त्यातली किती खरी धरली हे ते छापतात. आपल्या गावातलं मासिक हे करेल असं वाटलं नव्हतं.

जाहिरातीचंही कबूल केलं. विजेत्यांना फोटोसाठी आठवडाभर आधी कळवतात, ते नाव जाहिरात विभागापर्यंत गेलं, आणि त्या विभागाने पानासाठी फोन केला. ‘हे व्हायला नको होतं’ असं साध्या मराठीत लिहिलंय. स्वतंत्र विभाग वगैरे काही नाही.

आणि आता माझ्यासाठी कडू घास. ती सगळी मतं काढल्यावरही पहिला नंबर शेतातल्या मिसळीचाच राहिला. फरक कमी झाला, दुसरा-तिसरा अदलाबदल झाले, पण पहिला तोच. मुलगी काही बोलली नाही, नुसती जिलेबी पुढे सरकवली. मला हे मान्य करायला दोन दिवस लागले. ताक न पाजता जिंकले असते ते. उगाच पाजलं.

दोन पानांत एक गोष्ट मात्र सुटली आहे. पंचवीस नावांची यादी कोणी काढली? खुलाशात ‘संपादकीय विभागाने निकषांनुसार’ एवढंच आहे, निकष दिलेले नाहीत. माझ्या अंदाजाने निकष म्हणजे बोर्ड, पार्किंग आणि गुगलवर नाव. नाहीतर नाशिकरोडच्या, अंबडच्या, सातपूरच्या पहाटेच्या गाड्यांपैकी एकही नाव त्यात नसतं असं झालं नसतं. काढलेली मतं मोजली हे चांगलंच झालं, पण जी मतं द्यायला जागाच नव्हती ती तक्त्यात येत नाहीत. यावर मी दुसरं पत्र लिहिलंय. उत्तर अजून नाही.

तरी यंदाच्या कूपनात दोन बदल दिसले. पंचवीस नावांखाली एक रिकामी ओळ आहे, ‘यादीत नसलेले ठिकाण लिहा’. आणि एक प्रश्न नवा आहे, ‘तुम्ही इथे शेवटची मिसळ कधी खाल्ली आणि किती वाजता?’ हा प्रश्न त्या मुलीने घातला असणार, माझी खात्री आहे. नियमांतही एक ओळ वाढली आहे, मतासाठी खाण्या-पिण्याचं आमिष दाखवल्यास नाव बाद. आमिष हा शब्द ताकाला फार मोठा वाटतो, पण चालेल.

तेव्हा घ्यायचा का हा अंक? विशेषांक 80 रुपयांना घेऊ नका, काळ्या मसाल्याच्या लेखासाठी एखाद्या वर्गणीदाराकडून मागून वाचा. यादी धरून फिरू नका, आधी फोन करा. खुलाशाचा दुसरा अंक मात्र मिळाला तर विकत घ्या, साधा अंक आहे, 40 रुपयांचा, मावशींच्या प्लेटएवढा. पहिल्या अर्ध्या पानाला माझ्याकडून शून्य, दुसऱ्या दोन पानांना दहापैकी आठ. दोन गुण यादीचे कापले.

माझं कूपन गल्ल्यात पडून आहे. मुलीचं म्हणणं, माल पुरवणाऱ्याने मत देऊ नये. बरोबर असेल. मावशींना रिकाम्या ओळीचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘लिहू नका काही, आहे तेवढी गर्दी पुरे.’

परवा जळगावहून दाजींचा फोन आला होता. यंदा मत कुठे द्यायचं विचारत होते, आणि ताक आहे का तेही.